जुन्या लोखंडी सायकलची फ्रेम घरी, कमी खर्चात रंगवायची तर

रंगाच्या दुकानात जाऊन "सायकल रंगवायचीय, चांगला हिरवा द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल तो डबा पुढे करतो. त्याचा काही दोष नाही. खाली कुठला प्रायमर आहे, जुना रंग कुठल्या जातीचा आहे, तुम्ही ब्रशने मारणार की स्प्रेने, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. घरी रंगवलेल्या फ्रेम बिघडतात त्या बहुतेक वेळा इथेच. हात कच्चा असला तरी रंग बरा बसतो, पण प्रायमर, रंग आणि थिनर एकमेकांत बसणारे नसले तर कसलेल्या पेंटरच्या हातूनही रंगाला सुरकुत्या पडतात. म्हणून रंगाची छटा सगळ्यात शेवटी ठरवा.

इथे डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडची साधी लोखंडी सायकल: ॲटलस, हिरो, हर्क्युलिस, ॲव्हॉन, नाहीतर घरात उरलेली एखादी सेन-रॅले. २२ किंवा २४ इंची फ्रेम, नळ्यांच्या जोडांवर लग, म्हणजे नळ्या ज्यात खोचलेल्या असतात ते लोखंडी तुकडे, दांडीचे ब्रेक, कॉटर पिनचे, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने बसवलेले क्रँक (पायडलचे दांडे). गिअरच्या स्टील फ्रेमलाही हेच सगळं लागू पडतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र यातल्या काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. चुंबक चिकटत नसेल तर हा लेख त्या सायकलसाठी नाही.

आधी फ्रेम रंगवण्यालायक आहे का

पैसे खर्च करण्याआधी अर्धा तास तपासणीत घालवा. बीबीच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला, मागच्या दोन आडव्या दांड्यांवर मडगार्डच्या मागे आणि सीटच्या नळीच्या तळाशी पाणी साठतं. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगली नळी खणखणीत वाजते, आतून खाल्लेली बद्द आवाज देते. शंका आली तर टोक दाबून बघा. ते आत गेलं तर रंगावर एक रुपयाही घालू नका.

दुसरी जागा हँडलच्या नळीखालची, जिथे तिरकी दांडी येऊन मिळते. समोरून कशावर तरी आदळलेल्या सायकलला तिथे, लगच्या अगदी मागे, रंगात आडवी बारीक रेघ किंवा फुगवटा दिसतो. रेघेतून गंज झिरपला असेल तर ती भेग समजा. अशी फ्रेम वेल्डिंगवाल्याकडून डागून घेऊन वापरायची नसते.

फ्रेम वाकडी आहे का ते दोऱ्याने कळतं. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून परत आणा आणि दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर आधी जुन्या सायकलवाल्याकडून सरळ करून घ्या. रंग झाल्यावर सरळ करायला गेलात तर नवा रंग तडकतो.

फ्रेमचा नंबरही शोधून लिहून ठेवा. तो बहुतेक सीटच्या लगवर किंवा बीबीच्या खाली ठोकलेला असतो. त्या जागी पुढे रंगाचे थर पातळच ठेवायचे.

सायकल सुटी करताना

सुटी करण्यापूर्वी मोबाइलवर भरपूर फोटो काढा, विशेषतः दांडीच्या ब्रेकचे. त्या सळ्या, स्प्रिंगा आणि चिमट्या कुठून कशा जातात हे चार आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा. छर्रे मोजून ठेवा. बीबीत साधारणपणे प्रत्येक बाजूला पाव इंची ११ सुटे छर्रे असतात, पण तुमच्या सायकलमध्ये निघतील तेच खरे धरा.

तीन ठिकाणी लोक अडतात. डाव्या पायडलची आटी उलटी असते, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. ब्रिटिश धाटणीच्या बीबीत उजवीकडच्या, चेनच्या बाजूच्या वाटीची आटीही उलटीच. ही वाटी वर्षानुवर्षं जाम झालेली असते. ती निघत नसेल आणि आतून गुळगुळीत असेल तर राहू द्या, आत कापडाचा बोळा कोंबून वरून मास्किंग टेप लावा. तिच्यासाठी पाना सटकवून लगचे कंगोरे बिघडवण्यात अर्थ नाही.

तिसरी अडचण कॉटर पिनची. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे हातोडीने आटी चेपत नाही. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा किंवा भोक पाडलेलं जाड लाकूड उभं टेकवा, पिनचं डोकं त्या पोकळीत येऊ द्या आणि एकच जोरदार ठोका द्या. हलक्या हाताने दहा ठोके दिले तर पिन फुलते आणि मग ड्रिलच मारावं लागतं. नव्या पिना स्वस्त मिळतात, जुन्या परत घालू नका.

हँडलच्या नळीवरचा धातूचा बिल्ला बारीक रिव्हेटने बसवलेला असतो. तो उचकटायचा मोह टाळा. बिल्ला वाकला तर परत सरळ होत नाही. त्यावर टेप लावून ब्लेडने कडेकडेने कापून घेतली की काम भागतं.

रंग किती काढायचा?

माझं मत सरळ आहे: पूर्ण फ्रेम उघडी करणं हा शेवटचा उपाय. कारखान्यातला मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो आणि लोखंडाला जसा चिकटलेला असतो तसा घरी मारलेला कुठलाच थर चिकटत नाही. ७० टक्के रंग धड असेल तर तो राहू द्या. त्याला २२० किंवा ३२० नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत घासा. जिथे गंज आहे तिथेच लोखंडापर्यंत जा आणि उघडं लोखंड व जुना रंग यांच्यामधली पायरी बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा.

रंग मूळचा आहे की मध्येच कोणी घरी मारलेला, हे ओळखायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कापूस बीबीखाली मिनिटभर दाबून धरा. कापसाला लगेच रंग लागला तर वरचा थर एनसी किंवा साध्या स्प्रे कॅनचा आहे. रंग फुगला, सुरकुतला तर ब्रशने मारलेला ऑइल पेंट आहे. काहीच झालं नाही तर तो भट्टीतला, म्हणजे ठेवण्याजोगा. जुन्या सायकलींवर पहिला निकाल आणि खाली तिसरा, असंही खूप वेळा निघतं. मग फक्त वरचा थर काढायचा.

पूर्ण काढावाच लागतो तो दोन वेळा: रंगाखालून जागोजाग गंजाचे फोड आले असतील तेव्हा, किंवा चार-पाच थरांनी लगच्या सुंदर कडा बुजून गेल्या असतील तेव्हा.

शिशाबद्दल

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत, खास करून पिवळ्या, केशरी, लाल आणि काही हिरव्या छटांत शिसं असू शकतं. लोखंडावर मारायच्या जुन्या प्रायमरमध्ये तर शेंदूरच असायचा, म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. म्हणून जुनी सायकल कोरडी घासायची नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच घासा. खाली जुना फ्लेक्स अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. काम झाल्यावर जेवण्याआधी हात साबणाने धुवा आणि कपडे वेगळे धुवा. खरवडलेला रंग सुकवून डब्यात भरा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. तो मोरीत किंवा कुंडीत जाऊ देऊ नका.

रंग काढण्याचे मार्ग

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला जेलसारखा पेंट रिमूव्हर. फ्रेमला अर्धा लिटर पुरतो. जुन्या ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा, परत परत फिरवू नका. वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं की तो उडून जात नाही आणि काम खोलवर होतं. १५ ते २० मिनिटांत रंगाला फुगे येतात. मग बोथट पत्रा किंवा बांबूची पट्टी वापरून काढा, आणि लगच्या कोपऱ्यांत सुतळी ओढून घासा. नळीभोवती सुतळीचा एक वेढा घालून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली की जिथे पट्टी पोचत नाही तिथला रंग निघतो.

अनेक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणून बंद गॅलरीत, बाथरूममध्ये हे काम अजिबात नको. हृदयविकार असलेल्याने तर हात लावू नये. मोकळ्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून बसा. हॉस्पिटलसारखे पातळ हातमोजे यात टिकत नाहीत. जाड रबरी घ्या, त्यांवर रिमूव्हर सांडला तर लगेच बदला. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट: रिमूव्हर लवकर उडू नये म्हणून त्यात मेण घातलेलं असतं. रंग निघाल्यावर ते मेण लोखंडावर राहतं. सगळं स्वच्छ दिसलं तरी थिनरने दोनदा पुसून काढा, नाहीतर नवा रंग तिथेच सुटतो.

कॉस्टिक सोडा त्याहून स्वस्त. ऑइल पेंट तो सहज उतरवतो, पण डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि फ्रेमच्या पोकळ नळ्यांत शिरलेलं द्रावण नंतर हळूहळू बाहेर येऊन नवा रंग खराब करतं. मडगार्ड, चेनकव्हर अशा पत्र्याच्या भागांसाठी वापरायचाच असेल तर पाण्यात सोडा टाका, सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, आणि ॲल्युमिनियमची बादली वापरू नका. फ्रेमसाठी मी तो सुचवणार नाही.

ग्राइंडर हातात असलेले मित्र हमखास भेटतात. "पाच मिनिटांत साफ करून देतो" म्हणतात आणि देतातही, फक्त रंगाबरोबर लगच्या कडा आणि जोडातलं पितळही साफ होतं. रंग निघाल्यावर उरलेल्या गंजाला ड्रिलला लावायचा वायर ब्रश चालेल, कापणारी किंवा घासणारी चकती नको.

गंज

वरवरचा गंज ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने जातो. खड्ड्यांत बसलेला काळपट गंज पेपरने जात नाही. तिथे किराणा दुकानातलं लिंबूसत्व उपयोगी पडतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम विरघळवा, सुती चिंध्या भिजवून त्या जागी गुंडाळा, वर प्लॅस्टिक बांधून काही तास ठेवा. मग ब्रशने घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब उन्हात किंवा हेअर ड्रायरने कडकडीत वाळवा. संडास साफ करायचं ॲसिड झटपट काम करतं खरं, पण त्याचे क्लोराइड क्षार बारीक खड्ड्यांत राहतात आणि काही महिन्यांत गंज रंगाखालून परत येतो.

क्रोमच्या भागांना आम्ल लावू नका. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून घासला की हँडलवरचा, रिमवरचा गंज निघतो.

नळ्यांच्या आतही गंज असतोच. दुकानात 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून मिळणारं जवसाचं तेल थोडंसं सीटच्या नळीतून आत सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि उरलेलं निथळू द्या. हे काम रंगानंतर करा, आधी केलंत तर तेल बाहेर येऊन रंग बसणार नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग फेका.

एक वेळेचं गणित सांभाळायचं आहे. उघडं झालेलं लोखंड कोरड्या हवेत एक-दोन दिवस तग धरतं, मुंबई-कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. म्हणून शेवटचं घासणं आणि पहिला प्रायमर एकाच दिवशी व्हायला हवेत. नाहीतर घासायचं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

प्रायमर, रंग, थिनर: एकाच गोत्रातले

लग्नात सगोत्र चालत नाही म्हणतात, रंगात मात्र सगोत्रच चालतं. आपल्या दुकानांत मुख्यतः तीन गोत्रं भेटतात.

पहिलं सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो. त्याचा सोबती साधा रेड ऑक्साइड प्रायमर (हा लोखंडाचा ऑक्साइड, वर सांगितलेला शेंदूर नव्हे), आणि पातळ करायला टर्पेंटाइन. सावकाश वाळतो, ब्रशने छान बसतो, स्वस्त असतो.

दुसरं एनसी आणि ॲक्रिलिक लॅकर. बहुतेक स्प्रे कॅन यातलेच. त्यांचं थिनर तिखट वासाचं, ते टर्पेंटाइनपेक्षा कितीतरी तीव्र. झटपट वाळतात.

तिसरं दोन डब्यांचं, रंग आणि हार्डनर मिसळायचं: इपॉक्सी प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) रंग. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचं.

गोची होते ती पहिल्यावर दुसरं मारल्यावर. चार दिवसांपूर्वी मारलेल्या रेड ऑक्साइडवर स्प्रे कॅन मारला की लॅकरचं थिनर खालच्या अर्धवट पिकलेल्या थरात घुसतं, तो फुगतो आणि पूर्ण दांडीवर सुरकुत्या उठतात. उलटं, म्हणजे नीट वाळलेल्या लॅकरवर ऑइल पेंट, बहुधा चालून जातं. म्हणून स्प्रे कॅनने रंगवायचं असेल तर प्रायमरही शक्यतो त्याच कंपनीचा स्प्रे कॅनमधलाच घ्या. ब्रशने रंगवायचं असेल तर रेड ऑक्साइड. आणि जुना रंग कुठला आहे याचा पत्ताच नसेल, तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून इपॉक्सी प्रायमरचा एक हात मारून घ्या. तो नीट घट्ट झाला आणि घासून घेतला की त्यावर दोन्ही गोत्रं नांदतात. कमी बजेटमध्ये पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर मी इथेच घालीन, महागड्या रंगावर नाही.

दोन डब्यांचं पीयू क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुफ्फुसांना कायमची ॲलर्जी लावू शकतात, साध्या मास्कने ते थांबत नाहीत.

ब्रशचा मार्ग, हजाराच्या आत

पाव लिटर रेड ऑक्साइड, पाव लिटर रंग, टर्पेंटाइन, एक इंची चांगला ब्रश आणि पाच-सहा पेपर. भाव गावागणिक बदलतात, तरी हे सगळं हजार रुपयांच्या आत बसतं.

डबा उघडल्यावर रेड ऑक्साइड काडीने तळापासून ढवळा, त्याचा जड भाग खाली बसलेला असतो. वरचं पातळ मारून तळातला लगदा फेकला तर तुम्ही प्रायमर मारलाच नाही. लोखंड शेवटी १८० ते २२० नंबरच्या पेपरने घासलेलं असू द्या. आरशासारखं गुळगुळीत केलं तर प्रायमरला धरायला काही राहत नाही. एक पातळ हात द्या, किमान रात्रभर थांबा. वाळला की नाही हे घड्याळावर नाही, पेपरवर कळतं. घासल्यावर पिठासारखी भुकटी पडली तर वाळला, पेपरात चिकट गोळ्या झाल्या तर अजून एक दिवस थांबा.

खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची असेल तर ती आत्ता. पातळ थर, दोन-तीन वेळा. जाड भरली की सुकताना खाली बसते आणि तडकते. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर, पुन्हा ४००.

रंगात दहा टक्क्यांपर्यंत टर्पेंटाइन घाला, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. ब्रश एक तृतीयांशच बुडवा. नळीवर आधी आडवा फिरवून रंग पसरवा, मग टोकाने लांबीच्या दिशेने एकदाच हलका ओढून सोडून द्या. परत परत फिरवू नका, ब्रशच्या रेषा ऑइल पेंट स्वतःच थोड्याफार भरून काढतो. नळीची खालची बाजू दहा मिनिटांनी पुन्हा बघा, ओघळ तिथेच जमतात. दोन हात पुरतात, मध्ये एक पूर्ण दिवस आणि ६०० नंबरने हलकं घासणं. नीट केलेलं ब्रशचं काम चार पावलांवरून स्प्रेसारखंच दिसतं, आणि रोज बाजारात जाणाऱ्या सायकलला ते पुरेसं आहे.

स्प्रे कॅनचा मार्ग, दीड-दोन हजारांत

फ्रेम आणि चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचा एक असे ४०० मिलिलिटरचे कॅन धरा. मडगार्ड आणि चेनकव्हर असेल तर रंगाचा एक जास्त. सगळे एकाच वेळी घ्या, दुसऱ्या खेपेला छटा किंचित वेगळी निघू शकते.

दिवस निवडताना घाई करू नका. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक चढते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. देशावर दिवाळीनंतरचे महिने उत्तम, पण सकाळचं दव उडू द्या, साधारण अकरानंतर सुरू करा आणि वारा सुटायच्या आत संपवा. मे महिन्याच्या दुपारी उलटा प्रकार होतो: रंग हवेतच वाळतो आणि फ्रेमवर खरखरीत पूड बसते. त्या दिवसांत सकाळीच उरका.

हँडलच्या नळीतून दोरी ओवून फ्रेम टांगा, म्हणजे सगळ्या बाजूंना फिरता येतं. खाली जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ उडत नाही. शेजारच्यांच्या गाड्या आणि वाळत घातलेले कपडे कुठे आहेत ते बघा, कॅनचा फवारा वाटतो त्यापेक्षा लांब जातो. आसपास शेगडी, विडी-सिगारेट काही नको. थिनरची वाफ कापडी मास्क थांबवत नाही, त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

सीटच्या नळीचं तोंड, हँडलच्या नळीच्या वाट्या, बीबीच्या आट्या, चिमट्याच्या आट्या आणि चाकाचा नट जिथे घट्ट बसतो त्या खाचांच्या सपाट बाजू टेपने झाका. खाचांवर जाड रंग राहिला तर नट आवळल्यावर तो चेपतो आणि चाक सैल पडतं.

आता थिनरने ओलं एक कापड आणि कोरडं दुसरं, असं एका पाठोपाठ पुसत जा. यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको. डोक्याला लावलेलं तेल, चेनचा स्प्रे, सिलिकॉनचं पॉलिश, यांचा अंश जरी राहिला तरी रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर आणखी एक-दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारा फ्रेमच्या बाहेर सुरू करा आणि फ्रेमच्या पलीकडे जाऊन थांबवा. नळीच्या मध्यावर बटण दाबलं की तिथेच थेंब पडतो. आधी अवघड जागा: बीबीचा तळ, लगचे कोपरे, मागच्या दांड्यांच्या आतल्या बाजू. मोकळ्या लांब दांड्या शेवटी. उलटं केलंत तर कोपरे भरताना दांड्यांवर दुप्पट रंग चढतो आणि ओघळतो.

पहिला हात नुसता धुरळा, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. पुढचे हात दहा-पंधरा मिनिटांनी, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत. तीन हातांत रंग भरतो. ओघळ आलाच तर बोटाने पुसू नका, पूर्ण वाळू द्या, मग ८०० नंबर पाण्यात बुडवून उतरवा आणि त्या जागी हलका हात द्या. पुढचा थर कधी मारायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं. काही कॅनवर "एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" अशा धर्तीची सूचना असते. ती शब्दशः पाळा, मधल्या वेळात मारलेला थर खालच्याला फुगवतो.

काम थांबवताना कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत बटण दाबा, नाहीतर उद्या तोटी बंद पडलेली मिळेल.

सोनेरी रेघा आणि स्टिकर

काळ्या सायकलचं रूप खुलतं ते मडगार्डवरच्या आणि दांड्यांवरच्या बारीक सोनेरी रेघांनी. रेघा मूळ कुठे आणि किती जाड असतात हे बघायला पुण्यात कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उत्तम. तिथल्या जुन्या गाड्या निरखल्यावर आपल्या फ्रेमवर काय शोभेल ते कळतं. गावात नावाच्या पाट्या रंगवणारा पेंटर अजून असेल तर हे काम त्याला द्या. लांब केसांचा लायनर ब्रश चालवायला सवयीचा हात लागतो.

स्वतः करायचं तर नीट वाळलेल्या लॅकरवर ऑइल पेंटने रेघ मारा. चुकली तर टर्पेंटाइनच्या कापडाने पुसता येते, खालच्या लॅकरला धक्का लागत नाही. पण मग त्या रेघेवर क्लिअरचा कॅन मारायचा नाही, गोत्राचा नियम इथेही आहे. क्लिअर आधी, रेघ सगळ्यांत वर. स्टिकर मात्र क्लिअरच्या खाली जातात, आणि त्यांवरचे पहिले दोन हात अगदी विरळ, नाहीतर कडा वळतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. त्यामुळे जुन्या धाटणीचे स्टिकर मोठ्या शहरांतल्या सायकल बाजारात विचारून बघा. नाहीच मिळाले तर, रंग काढण्यापूर्वीच मोजपट्टी शेजारी धरून जुन्या स्टिकरचा फोटो घेतलेला असेल, तर रेडियमवाला तसाच कापून देतो.

पावडर कोटिंगचं काय?

हा प्रश्न येतोच. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पावडर वितळून बसते, लगच्या पितळी जोडांना त्याने काही होत नाही, आणि टिकाऊपणात घरचा कुठलाच थर त्याच्या जवळ जात नाही. लोखंडी ग्रिल-गेट करणारा कारखाना जवळ असेल तर फ्रेमचं काम स्प्रे कॅनच्या खर्चाच्या आसपासही होऊन जातं. कोकणात रोज पावसात जाणारी सायकल असेल तर मी तेच सांगेन. तोटे असे की थर जाड, त्यामुळे लगच्या कडा बोथट दिसतात. रंगांची निवड त्या दिवशी भट्टीत जे लागलंय तेवढीच. आणि पुढे टवका उडाला तर घरी जुळवून लावता येत नाही. देताना सगळ्या आट्या झाकायला स्पष्ट सांगा आणि वाळूचा मारा हलका ठेवायला लावा. गेटच्या जाड पट्टीला जो मारा चालतो तो सायकलच्या पातळ नळीला चालत नाही.

जोडणी

रंग हाताला कोरडा लागतो म्हणजे पिकलेला नसतो. लॅकरला निदान आठवडा, ऑइल पेंटला दोन ते तीन आठवडे द्या. नखाने दाबून खूण उमटत असेल तर अजून थांबा. क्लिअरला आरसा करायचा असेल तर या काळानंतर १५०० आणि २००० नंबर पाण्यात, मग रबिंग कंपाऊंड. कडांवर कमी घासा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

बसवताना कॅरियर, मडगार्ड आणि स्टँडच्या क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घाला. वाट्यांत नवं ग्रीस, छर्रे झिजलेले दिसले तर सगळेच नवे. कॉटर पिना दोन्ही क्रँकना एकमेकींच्या उलट्या दिशेने बसतात. एकाच दिशेने बसवल्या तर क्रँक सरळ रेषेत येत नाहीत. पन्नास-एक किलोमीटर चालवल्यावर पिना पुन्हा एकदा ठोकून नट आवळा.

डब्यात किंवा कॅनमध्ये उरलेला रंग नेलपॉलिशच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरून ठेवा. कॅनचा असेल तर टोपणात फवारून मग ओता. स्टँडवर लावताना, लोकलच्या पुलाखाली साखळी अडकवताना टवके उडणारच. उडालेल्या जागी गंज धरण्याआधी त्या छोट्या ब्रशने एक ठिपका दिला की काम झालं.